उंची आणि संधी

एरंड कितीही उंच वाढला तरी त्याचा ऊस होत नाही, अशा अर्थाची एक म्हण आपल्याकडे प्रचलित आहे. केवळ उंचीला मोल नाही, हे सांगण्यासाठी ती योजण्यात येते. बास्केटबॉलच्या खेळात मात्र उंचीला आरंभीच मोठे मोल मिळते. जमिनीपासून दहा फुटांवर बसवलेल्या लोखंडी कड्यात चेंडू टाकावयाचा असल्यामुळे ज्याचे हात कड्याच्या अधिक जवळ, त्याचे काम निसर्गानेच सोपे करून ठेवलेले असते. म्हणूनच सात फुटांहून उंच असा एखादा पोरगेला खेळाडू कोठे दिसला, की त्याच्याभोवती आशेचे मोहोळ जमते. ही देणगी घेऊन कोणत्या मैदानावर जावे, कोणाशी करार करावा, आणि देशाची हाक व पोटाचा धंदा एकाच वेळी समोर आल्यास कोणती वाट धरावी, हे प्रश्न मात्र त्या मुलाला स्वतःच सोडवावे लागतात. फिलिपिन्समधील काई सोट्टो या तरुणाची कारकीर्द म्हणजे अशा प्रश्नांची एक मालिकाच आहे.

फिलिपिन्समध्ये बास्केटबॉलचे वेड किती खोल रुजले आहे, याची कल्पना आल्यावाचून या प्रश्नांचे गांभीर्य ध्यानात येणार नाही. हा खेळ जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी निर्माण केला. फिलिपिन्सवर १८९८ पासून १९४६ पर्यंत अमेरिकेचा अंमल होता. त्या काळात शाळा आणि वायएमसीए यांच्या मार्फत तो मनिलात आला आणि तेथून बेटाबेटांवर पसरला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये फिलिपिन्सने पाचवा क्रमांक मिळवला. १९५४ साली रिओ दि जानेरो येथील जागतिक स्पर्धेत तर त्याने तिसरे स्थान पटकावले. १९७५ मध्ये तेथे धंदेवाईक खेळाडूंची स्पर्धा सुरू झाली. अशी स्पर्धा सुरू करणारा आशियातील तो पहिलाच देश. आजही तेथे नारळाच्या झाडाला फळी ठोकून तिच्यावर कडे बसवलेले आढळते, आणि पायात साध्या सपाता घालून मुले त्याखाली तासन्‌तास खेळत असतात. आणि गंमत अशी की, उंचीच्या बाबतीत निसर्गाने या देशाला फारसे दिलेले नाही. तेथील पुरुषाची सरासरी उंची साडेपाच फुटांहूनही कमी आहे. अशा देशात सव्वासात फुटांच्या आसपास उंचीचा मुलगा निपजावा, ही घटना लोकांना दैवी प्रसादासारखी वाटली तर नवल नाही.

काई सोट्टोचा जन्म ११ मे २००२ चा. त्याचे वडील स्वतः सहा फूट सात इंच उंचीचे असून तेथील धंदेवाईक स्पर्धेत खेळलेले होते. मनिलातील अतेनेओ या प्रसिद्ध संस्थेच्या शाळेकडून खेळताना काईने २०१८ साली आंतरशालेय अजिंक्यपद मिळवण्यात वाटा उचलला आणि पुढल्याच वर्षी तो त्या स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. मायदेशातील मार्ग आता सरळ होता. विद्यापीठाकडून काही वर्षे खेळावे, लोकांचे प्रेम मिळवावे आणि मग धंदेवाईक संघात प्रवेश करावा. तेथे नामांकित खेळाडूला त्या वेळी महिन्याला चार लाख वीस हजार पेसोंपर्यंत वेतन मिळू शकत असे. घरची माणसे, ओळखीची भाषा, भरलेली मैदाने आणि उत्तम प्राप्ती हे सारे एकाच जागी उपलब्ध होते.

मग २०१९ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने अमेरिकेतील अटलांटा शहराचा रस्ता का धरला? याचे उत्तर खेळाच्या स्वरूपातच दडलेले आहे. आपल्याहून वीतभर ठेंगण्या खेळाडूंमध्ये वावरणाऱ्या उंच मुलाला पुष्कळ गोष्टी शिकण्याची गरजच पडत नाही. हात वर केला की चेंडू मिळतो. उडी न मारताही तो अडवता येतो. परंतु सारखीच उंची आणि दुप्पट ताकद असलेला प्रतिस्पर्धी समोर आला म्हणजे ही सवय घातक ठरते. कुस्तीचे तंत्र जसे तुल्यबळ जोड मिळाल्याखेरीज वाढत नाही, तसेच हेही आहे. शिवाय फिलिपिन्समध्येच जन्मून तेथेच वाढलेला एकही खेळाडू तोवर अमेरिकेतील एनबीए या सर्वोच्च स्पर्धेत पोहोचला नव्हता. ज्यांच्या नावाचा तेथे अभिमान बाळगला जाई ते जॉर्डन क्लार्कसनसारखे खेळाडू मातेकडून फिलिपिनो असले, तरी अमेरिकेत जन्मलेले आणि वाढलेले होते. हे उणे काईने भरून काढावे, अशी साऱ्या देशाची इच्छा होती.

एनबीएच्या दाराचीही थोडी माहिती करून घेतली पाहिजे. या स्पर्धेतील संघ दर वर्षी एका समारंभात पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. त्याला ड्राफ्ट असे नाव आहे. दोन फेऱ्यांत मिळून जास्तीत जास्त साठ नावे घेतली जातात, आणि साऱ्या जगातील होतकरू खेळाडू त्या साठ जागांकडे डोळे लावून बसलेले असतात. शाळा संपल्यानंतर या समारंभापर्यंत पोहोचण्यासाठी पूर्वी अमेरिकेतील महाविद्यालय हाच राजमार्ग मानला जाई. २०२० साली एनबीएने स्वतःच्या दुय्यम स्पर्धेत इग्नाइट नावाचा एक नवा संघ उभारला. महाविद्यालयात न जाता तरुणांनी तेथे वेतन घेऊन शिकावे, अशी ही योजना होती. काईने महाविद्यालयाचा विचार सोडला आणि इग्नाइटशी करार केला. याच संघात पंजाबातील प्रिन्सपालसिंग हा भारतीय तरुणही होता. आशियाच्या दोन टोकांचे दोन तरुण एकच स्वप्न उशाशी घेऊन एकाच संघात दाखल झाले होते.

आणि येथेच त्याच्या कारकीर्दीतील पहिला कठीण प्रसंग उभा राहिला. जानेवारी २०२१ मध्ये इग्नाइटचे सामने अगदी तोंडावर आले होते. कोरोनाच्या साथीमुळे सर्व संघांना फ्लॉरिडातील ऑरलँडोजवळ एकाच आवारात बंदिस्त ठेवून ते खेळवावयाचे होते. त्याच सुमारास फिलिपिन्सच्या राष्ट्रीय संघाचे आशिया चषकासाठीचे पात्रता सामने मायदेशी ठरलेले होते. काईने देशाची हाक ऐकली आणि तो मनिलाला परतला. परंतु साथीच्या निर्बंधांमुळे तेथील सामने रद्द झाले. ते दोहा येथे हलवण्याचे ठरले, आणि पुढे तोही बेत फसला. काई पुन्हा अमेरिकेत गेला. पण तोवर बंदिस्त आवाराचे दार मिटले होते. फेब्रुवारीत जाहीर झाले की, तो आता इग्नाइटकडून खेळणार नाही. देशाचा सामनाही गेला आणि संघाचा मोसमही गेला. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, अशी त्याची अवस्था झाली. इग्नाइटकडून तो एकही अधिकृत सामना खेळू शकला नाही.

या निर्णयाबद्दल त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली. कोणी त्याला देशभक्त म्हटले, तर कोणी अव्यवहारी ठरवले. परंतु अठरा वर्षांच्या मुलाने साथीचा वेग आणि स्पर्धांची फिरती वेळापत्रके आधीच ओळखावयास हवी होती, असे म्हणणे न्यायाचे नाही. लहान देशाच्या गुणी खेळाडूला दोन धन्यांची चाकरी करावी लागते, आणि त्या दोघांची पंचांगे एकमेकांशी जुळत नाहीत, हे या प्रसंगाने दाखवून दिले. ज्या देशाच्या राष्ट्रीय संघाला एका उंच खेळाडूवाचून फारसे अडत नाही, तेथील तरुणापुढे हा पेच सहसा येतच नाही.

त्यानंतर काईने ऑस्ट्रेलियाची वाट धरली. एप्रिल २०२१ मध्ये त्याने ॲडिलेड येथील संघाशी करार केला. ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. ऑस्ट्रेलियातील स्पर्धा अंगमेहनतीची आणि धसमुसळी म्हणून ओळखली जाते. तेथे तयार झालेल्या तरुणांवर एनबीएची नजर असते. ॲडिलेडच्याच संघातून जॉश गिडी हा तरुण २०२१ च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर निवडला गेला. मधल्या काळात, जून २०२१ मध्ये, काई अखेर राष्ट्रीय संघाकडून खेळला. फिलिपिन्समधील क्लार्क येथे दक्षिण कोरियावर ८१ विरुद्ध ७८ गुणांनी मिळवलेल्या विजयात तो सहभागी होता. ज्या पात्रता फेरीसाठी त्याने जानेवारीत अमेरिका सोडली होती, तीच ही.

जून २०२२ चा ड्राफ्ट ही त्याची खरी परीक्षा होती. त्या वर्षी दोन संघांनी आपला प्रत्येकी एक हक्क गमावल्यामुळे ५८ च नावे पुकारली गेली. त्यांत काई सोट्टोचे नाव नव्हते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. उंच खेळाडूने कड्याखाली उभे राहावे आणि इतरांनी त्याच्याकडे चेंडू पोहोचवावा, ही खेळाची जुनी रीत. गेल्या काही दशकांत ती पुष्कळ बदलली आहे. दूरच्या रेषेपलीकडून टाकलेल्या चेंडूला दोनाऐवजी तीन गुण मिळतात आणि सर्वच संघ त्या गुणांच्या मागे लागले आहेत. त्यामुळे प्रतिपक्ष मुद्दाम उंच खेळाडूला कड्यापासून दूर ओढतो आणि चपळ, लहानखुऱ्या गड्याशी त्याची गाठ घालून देतो. अशा वेळी सव्वासात फुटांच्या देहाला कडेने झपाझप पावले टाकता आली नाहीत, तर उंची हीच अडचण होऊन बसते. शिवाय इतक्या उंच शरीरात बळ भरावयास वेळ लागतो. वीस वर्षांच्या वयात हाडे वाढलेली असतात, पण त्यांवर पुरेसे स्नायू चढलेले नसतात. यावर सामन्यांत भरपूर वेळ खेळणे हाच उपाय, आणि बलाढ्य संघाच्या बाकावर बसून तो वेळ मिळत नाही. नामांकित संघात मान मोठा, पण खेळ थोडा. सामान्य संघात मान कमी, पण खेळ अधिक. काईच्या यापुढील सर्व निर्णयांच्या मुळाशी हाच हिशेब आहे.

ॲडिलेडमध्ये आणखी एक मोसम काढून २०२३ च्या आरंभी तो जपानमधील हिरोशिमाच्या संघात गेला. जपानची सध्याची धंदेवाईक स्पर्धा २०१६ साली सुरू झाली. परदेशी खेळाडूंच्या संख्येवर तेथे मर्यादा आहे. परंतु २०२० पासून फिलिपिन्स, दक्षिण कोरिया, चीन, तैवान आणि इंडोनेशिया यांपैकी एखाद्या देशाचा एक खेळाडू प्रत्येक संघाला या मर्यादेबाहेर घेता येऊ लागला. या सवलतीमुळे फिलिपिनो खेळाडूंना नवे क्षेत्र मोकळे झाले. थर्डी रावेना हा त्या वाटेने गेलेला पहिला खेळाडू, आणि त्याच्यामागून अनेक जण गेले. जपान मायदेशापासून काही तासांच्या विमानप्रवासावर आहे, वेतन चांगले मिळते, आणि राष्ट्रीय संघासाठी येणे-जाणेही त्या मानाने सुकर असते. फिलिपिन्समधील लक्षावधी परिचारिका, खलाशी आणि कामगार पोटासाठी परदेशी जातात व घरी पैसे धाडतात. खेळाडूही आता त्याच वाटेचा प्रवासी झाला होता.

२०२३ च्या उन्हाळ्यात काईने एनबीएचे दार पुन्हा ठोठावून पाहिले. ऑरलँडोच्या संघाने त्याला उन्हाळी सामन्यांसाठी बोलावले. पण तेथे थोडेच खेळावयास मिळाले आणि पाठीचे दुखणे मागे लागले. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेचे यजमानपद फिलिपिन्सने जपान आणि इंडोनेशिया यांच्यासह भूषवले. फिलिपिन्सच्या पहिल्या सामन्याला ३८,११५ प्रेक्षक आले होते. त्या स्पर्धेतही काईला बराच काळ बाकावर काढावा लागला. पुढे हिरोशिमातही तेच होऊ लागले, तेव्हा मोसमाच्या मध्यावर तो उसन्या बोलीवर योकोहामाच्या संघात गेला. दैवाची थट्टा अशी की, त्या मोसमाचे अजिंक्यपद हिरोशिमानेच जिंकले. पण योकोहामात काईला हवे होते ते मिळाले. तो रोज खेळला, चुकला, सुधारला आणि अंगापिंडाने भरला.

या साध्या कष्टांचे फळ जुलै २०२४ मध्ये रिगा येथे दिसले. ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेत फिलिपिन्सने यजमान लाटव्हियाला त्याच्याच मैदानावर ८९ विरुद्ध ८० गुणांनी हरवले. हाच लाटव्हिया आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत पाचवा आला होता. कड्याखाली धिप्पाड युरोपीय खेळाडूंना अडवणारा काई हा त्या संघाचा एक खांब होता. पुढच्याच सामन्यात त्याच्या बरगड्यांना मार बसला आणि उपान्त्य सामन्यात ब्राझीलने त्याच्यावाचून खेळणाऱ्या फिलिपिन्सचा पराभव केला. त्या वर्षी नोव्हेंबरात मनिला येथे न्यूझीलंडवर मिळवलेल्या विजयातही त्याचा मोठा हात होता. जपानमध्ये तो आता टोकियोजवळच्या कोशिगाया या, वरच्या श्रेणीत नव्याने आलेल्या संघात रुजू झाला होता. सारे जुळून येत आहे असे वाटत असतानाच जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमधील आशिया चषकालाही त्याला मुकावे लागले.

भारताला ही कथा सर्वस्वी परकी नाही. पंजाबातील बल्लोके गावचा सतनामसिंग भामरा हा सात फूट दोन इंच उंचीचा तरुण २०१५ साली डॅलसच्या संघाने ड्राफ्टमध्ये बावन्नाव्या क्रमांकावर निवडला. जो मान काईला मिळाला नाही, तो त्याला मिळाला. तथापि एनबीएचा एकही सामना सतनामच्या वाट्याला आला नाही, आणि पुढे तो धंदेवाईक कुस्तीकडे वळला. नाव पुकारले गेले म्हणजे मैदान मिळतेच असे नाही. आणि नाव पुकारले गेले नाही म्हणजे मैदान संपतेच असेही नाही.

एनबीए गाठली की नाही, या एकाच मापाने मोजले तर काईच्या पदरात अपयशच घालावे लागेल. परंतु सतराव्या वर्षी घर सोडून अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि जपान या तीन देशांत त्याने जे शिक्षण घेतले, ते रिगाच्या मैदानावर त्याच्या देशाच्या उपयोगी पडले. २०२१ च्या जानेवारीत देश आणि धंदा हे त्याच्यासमोर एकमेकांचे वैरी म्हणून उभे राहिले होते. साडेतीन वर्षांनंतर एकाने दुसऱ्याचे ऋण फेडले. उंची त्याला जन्माने मिळाली. तिला खेळण्याजोगे मैदान मात्र त्याला देशोदेशी हिंडून स्वतःच शोधावे लागले.