नऊ घरांचा हिशेब

गणिताशी माझे वैर शाळेपासूनचे. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला घनमुळाशी काय कर्तव्य? पण वाचकहो, एका घनमुळाने माझी रात्रीची झोप उडवली, त्याची ही हकीगत.

मुरबाडकडचा माझा एक विद्यार्थी. नेहमीच्या औषधांना न जुमानणारा क्षय त्याला जडलेला. बेडाक्विलिनची गोळी चालू होती. आपल्या सरकारी क्षय-कार्यक्रमात ती २०१६ साली आली. गोळी गुणाची, पण तिला एक खोड आहे. हृदयाचे खालचे कप्पे विजेने चेतून पुन्हा निवांत व्हायला जो वेळ घेतात, त्याला डॉक्टर ‘क्यूटी’ म्हणतात. तो ही गोळी लांबवते. फारच लांबला तर ठोके भरकटून माणूस जागीच कोसळू शकतो. म्हणून अधूनमधून ईसीजी.

त्या दिवशी एस.टी. किन्हवलीजवळ बंद पडली. पोरगा उशिरा शहापूरला उतरला आणि धावतच तपासणीला गेला. यंत्राने आकडा छापला ५०९. पाचशे ही धोक्याची रेघ! कुणीतरी ‘गोळ्या बंद कर’ म्हणून मोकळे झाले. संध्याकाळी तो माझ्या दारात. “सर, थांबवू का?” थांबवावी तर क्षय उसळणार, घ्यावी तर काळीज दगा देणार. मी काय सांगणार, कपाळ!

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावरची बारीक घरे मोजली. एक घर म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. क्यूटी नऊ घरांचा, म्हणजे ३६० मिलिसेकंद. “मग ५०९ कुठून आले?” मी विचारले.

“नाडी पाहा, सर. १२०!”

लय द्रुत झाली की हा काळही आखडतो; तेव्हा तो मिनिटाला साठ ठोक्यांच्या मापाने बदलून घ्यावा लागतो. १९२० साली इंग्रज बॅझेटने त्यासाठी दोन ठोक्यांमधल्या अंतराचे वर्गमूळ घेतले. त्याच वर्षी डेन्मार्कच्या फ्रिडेरिसियाने घनमूळ. ठोक्यांतले अंतर अर्धा सेकंद. वर्गमुळाने भागले तर ५०९, घनमुळाने ४५४. नाडी जलद असली की बॅझेटचे सूत्र आकडा फुगवते, आणि पुष्कळ यंत्रांत तेच बसवलेले असते. मात्रा मोजताना लघूला गुरू धरावे, तसलाच हा घोटाळा!

तरी डॉक्टर घनमुळावर विसंबले नाहीत. पोराला स्वस्थ निजवले, रक्तातले पोटॅशियम पाहिले, दुसरी कुठली औषधे घेतोस ते खोदून विचारले, आणि पुन्हा कागद काढला. नाडी ८०. आता दोन्ही सूत्रे जवळ आली: ४५० आणि ४२९. गोळी चालू राहिली.

पुढच्या तपासणीला तो आधीच्या एस.टी.ने गेला. अर्धा तास बाकावर बसून होता म्हणे. धडधड थांबली की नाही, ते मनगट धरून पाहत.