नावाचा अर्थ कोणाच्या घरचा?

पत्रात कोणी लिहिते, 'इथे दोन दिवस पाऊस आहे.' ते पत्र वाचणारा सोलापूरच्या उन्हात बसलेला असला, तरी 'इथे' म्हणजे सोलापूर असे तो समजत नाही. शब्द जिथे लिहिला गेला, तिथलाच त्याचा अर्थ. उलट पूजेच्या पोथीत 'यजमानाने संकल्प सोडावा' असे असते, तेव्हा पूजा ज्याच्या घरी चालू आहे तो यजमान. पोथी लिहिणाऱ्याचा तिथे संबंध नाही. ही दोन्ही वाचने आपण सहज करतो. संगणकाला मात्र कोणते वाचन करायचे ते ठरवून द्यावे लागते. लिस्प या भाषेच्या इतिहासात या एका प्रश्नाने जवळजवळ पाव शतक घेतले.

एक छोटा हिशेब पाहू. 'दर' या चलाची किंमत 8 ठेवली आणि 'व्याज' नावाचे फंक्शन लिहिले: मुद्दलाला दराने गुणा, 100 ने भागा. पुढे दुसऱ्याच कोणी किराण्याचा हिशेब लिहिताना आपल्यापुरता 'दर' 40 धरला, कारण तांदूळ 40 रुपये किलो होता. त्या हिशेबाच्या पोटात त्याने 1000 रुपयांचे व्याज मागितले. उत्तर काय? फंक्शन जिथे लिहिले तिथला दर घेतला तर 80. फंक्शन जिथून हाकारले तिथला घेतला तर 400. पहिल्या नियमाला लेक्सिकल, म्हणजे मजकुरानुसार व्याप्ती म्हणतात. दुसऱ्याला डायनॅमिक, म्हणजे प्रसंगानुसार व्याप्ती.

जॉन मॅकार्थी यांनी 1958 साली एमआयटीत लिस्पचे काम सुरू केले. फंक्शन लिहिण्याची खूण त्यांनी अलोन्झो चर्च यांच्या लॅम्डा कलनातून घेतली. त्या कलनात नावाचा अर्थ मजकुरावरूनच ठरतो. पण स्टीव्ह रसेल यांनी आयबीएम 704 यंत्रावर लिस्प उतरवली, तेव्हा चालत्या आज्ञावलीत सर्वांत अलीकडे दिलेली किंमत उचलली जाई. जेम्स स्लॅगल यांच्या एका आज्ञावलीत, एक फंक्शन दुसऱ्याच्या हाती सोपवताच, आतले नाव भलत्याच किमतीला चिकटले. मॅकार्थी यांना ती किरकोळ चूक वाटली. रसेल ती दुरुस्त करतील असा त्यांना विश्वास होता. रसेल आणि पॅट्रिक फिशर यांनी 'फनार्ग' नावाची सोय काढली, पण मूळ नियम तसाच राहिला.

उपाय तत्त्वतः सोपा होता. फंक्शनला परगावी पाठवताना त्याच्या जन्मस्थळीच्या नावांची शिदोरी बरोबर द्यायची. या जोडगोळीला पीटर लँडिन यांनी 1964 मध्ये 'क्लोजर' हे नाव दिले. 1975 मध्ये जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी स्कीम ही लिस्पची बोली घडवली आणि तिच्यात मजकुरानुसार व्याप्ती हाच पाया मानला. 1984 मध्ये स्टील यांच्या ग्रंथातून पुढे आलेल्या कॉमन लिस्पनेही तोच नियम स्वीकारला.

मात्र दुसरा नियम तिने टाकून दिला नाही. खास जाहीर केलेल्या चलांसाठी तो राखून ठेवला. संख्या दशमान पद्धतीने छापायच्या की सोळाच्या पायावर, हे अशाच एका चलात असते. ते तात्पुरते बदलले, की आत चालणारे सारे छपाईकाम ते पाळते आणि काम संपताच जुनी किंमत परत येते. एरवी हा निरोप प्रत्येक फंक्शनला हातोहात पोचवावा लागला असता. ईमॅक्स या संपादकाची लिस्प तर याच लवचिकतेवर वाढली. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1981 मध्ये तिचे समर्थन केले होते. मजकुरानुसार व्याप्तीची सोय तिथे आली ती 2012 मध्ये.

निवड वरवर तांत्रिक दिसते, पण प्रश्न भरवशाचा आहे. पहिल्या नियमात एक पान वाचून त्या पानाचा अर्थ लावता येतो. दुसऱ्यात ते पान कोण, कुठून हाक मारून वापरणार हे कळल्याशिवाय अर्थ पुरा होत नाही. दूरच्या अनोळखी माणसाने निवडलेले एक नाव आपले उत्तर फिरवू शकते. म्हणून आज बहुतेक भाषांनी पहिला नियम मूळ धरला आहे. आणि जिथे प्रसंगाचे ऐकायचेच असेल, तिथे लिहिणाऱ्याने तसे आधी उघड सांगावे, ही कॉमन लिस्पची तडजोड अजूनही शहाणपणाची वाटते.