जयपूर, केडीई आणि मनासारखा डेस्कटॉप

२०१६ सालच्या ५ आणि ६ मार्चला जयपूरच्या एलएनएम माहिती तंत्रज्ञान संस्थेत ‘कॉन्फ डॉट केडीई डॉट इन’ नावाची परिषद भरली. केडीई हा जगभरातल्या स्वयंसेवकांनी मिळून उभारलेला मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प आहे. २०११ साली बंगळुरूत सुरू झालेली त्यांची ही भारतीय परिषद गांधीनगर आणि केरळ करत राजस्थानात पोचली होती. केडीईची जगभर ओळख आहे ती ‘प्लाझ्मा’ या डेस्कटॉपमुळे. वापरणाऱ्याला हवा तसा वाकवता येणारा डेस्कटॉप म्हणून लिनक्सच्या जगात पहिलं नाव त्याचंच निघतं.

जयपूरच्या परकोटातल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातल्या, दुकानदाराला दर्शनी भिंत गुलाबीच ठेवावी लागते. आत काय मांडायचं ते त्याच्या हाती. विकतच्या संगणकाचंही साधारण तसंच. मागचं चित्र बदला, आयकॉन इकडचे तिकडे करा, पण दर्शनी मांडणी कंपनीने ठरवलेली. लिनक्समध्ये ही दर्शनी भिंतच वेगळी काढता येते.

याचं कारण रचनेत आहे. लिनुस टोरवाल्ड्‌सने १९९१ मध्ये जाहीर केलेलं लिनक्स म्हणजे खरं तर फक्त कर्नल, यंत्र आणि प्रोग्रॅम यांच्यामधला गाभा. पडद्यावर दिसणाऱ्या खिडक्या, पट्ट्या, मेनू हे सगळं त्यावर चालणारे वेगळे प्रोग्रॅम दाखवतात. प्लाझ्मा नको असेल तर ग्नोम, सिनॅमन, एक्सएफसीई यांतलं काहीही बसवता येतं. फायली आणि कागदपत्रं जागच्या जागी राहतात.

केडीईचा जन्म एका तक्रारीतून झाला. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठाचा विद्यार्थी माथियास एट्रिश याने इंटरनेटवर आवाहन केलं. युनिक्सवरचा प्रत्येक प्रोग्रॅम वेगळा दिसतो, वेगळा वागतो. सामान्य माणसाला झेपेल असा एकसारखा डेस्कटॉप बनवायला या, असा त्याचा आशय होता. योगायोग असा की बरोबर २९ वर्षांनी, १४ ऑक्टोबर २०२५ लाच मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे अनेक धडधाकट लॅपटॉप त्यामुळे अडचणीत आले आणि लिनक्सकडे नव्याने लक्ष गेलं.

प्लाझ्मात बदल करणं अवघड नाही. डेस्कटॉपवर उजवी क्लिक केली की मांडणी बदलण्याचा पर्याय येतो. खालची पट्टी वर किंवा बाजूला न्या, दुसरी पट्टी जोडा, घड्याळ किंवा टिपणवही पडद्यावर ठेवा. पण रंगरंगोटी हा यातला वरवरचा भाग. खरा फायदा कामाच्या सवयी बसवण्यात आहे. जोहरी बाजारातल्या एखाद्या पेढीचा हिशेबनीस दिवसभर तेच दोन-तीन प्रोग्रॅम वापरत असेल, तर कोणता प्रोग्रॅम कुठल्या आभासी डेस्कटॉपवर, केवढ्या आकारात उघडायचा याचा नियम एकदाच लिहून ठेवता येतो. अनुवादकाला डावीकडे मूळ मजकूर आणि उजवीकडे आपलं लेखन हवं असतं. २०२३ च्या प्लाझ्मा ५.२७ पासून मेटा (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) आणि टी या कळा एकत्र दाबल्या की पडद्याचे हवे तसे भाग पाडता येतात. एरवी हजार वेळा माउसने करायच्या गोष्टी कळीच्या एका दाबावर येतात.

आवडनिवड बदलत राहते, हेही ओघाने आलंच. खुद्द टोरवाल्ड्‌सला २००८ चं केडीई ४ पटलं नाही, म्हणून तो ग्नोमकडे गेला. २०११ मध्ये ग्नोम ३ आलं, तेही त्याला रुचलं नाही आणि त्याने एक्सएफसीई धरलं. लिनक्सच्या जन्मदात्याने असं घर बदललं, तरी त्याचं लिनक्स तेच राहिलं.

एकदा जुळवलेलं हे सगळं जातं कुठे? आपल्या होम फोल्डरमध्ये. नावाच्या सुरुवातीला टिंब असलेल्या फायली आणि फोल्डर एरवी लपलेले असतात. त्यांतल्या ‘.कॉन्फिग’ नावाच्या फोल्डरात बहुतेक सेटिंग साध्या मजकुराच्या रूपात लिहिलेली असतात. ती वाचता येतात, हाताने दुरुस्त करता येतात, पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर नेता येतात. अनेक जण या फायली गिट या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ठेवतात. गिटही टोरवाल्ड्‌सचंच, २००५ चं. काही बिघडलं तर कालची मांडणी परत आणता येते. मात्र या फायली जगजाहीर करण्याआधी त्यांत पासवर्ड नाहीत ना, हे तपासावं.

मराठी माणसाच्या मांडणीत लिपीही आली. इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आधीपासून असतो. उच्चारानुसार लिहिणाऱ्यांसाठी एम१७एन या संचात आयट्रान्स आणि गमभन यांच्या पद्धती मिळतात. अक्षरांसाठी लोहित हा फॉन्ट आहे. लोहित मालिकेतले फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आले आणि रेड हॅटने ते मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुले केले. ‘ल’ आणि ‘श’ यांचं मराठी वळण हिंदीपेक्षा वेगळं असतं. फॉन्टमध्ये तशी सोय असेल, तर मजकुराची भाषा मराठी निवडल्यावर ते वळण दिसतं. म्हणून भाषेच्या सेटिंगमध्ये हिंदीवर समाधान मानू नये.

या मोकळेपणाला धोक्याची बाजूही आहे. मार्च २०२४ मध्ये प्लाझ्माच्या एका वापरकर्त्याने त्रयस्थाने बनवलेली एक ग्लोबल थीम, म्हणजे डेस्कटॉपचं सगळं रूप एकदम बदलणारा संच, बसवली आणि त्याच्या फायली पुसल्या गेल्या. अशा थीममध्ये नुसते रंग नसतात, चालणारा कोडही असू शकतो आणि तो वापरकर्त्याच्याच अधिकाराने चालतो. केडीईला या प्रकारानंतर जाहीर सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. सुंदर दिसतं म्हणून कुठलीही थीम डोळे झाकून घेणं शहाणपणाचं नाही.

ज्यांना हे करून पाहायचं आहे त्यांनी आधी कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी. मग कुबुंटू किंवा लिनक्स मिंट यांसारखं तयार लिनक्स पेनड्राइव्हवर उतरवून, काहीही न बसवता, त्यावरूनच संगणक सुरू करावा. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते पाहावं आणि मगच ते बसवण्याचा विचार करावा. बसवल्यावर एका वेळी एकच बदल करावा आणि तो काही दिवस वापरून मगच पुढचा हाती घ्यावा.