पाण्यातले कमांडो आणि काठावरचे इतिहासकार

दिवाळी अंकांत हल्ली ‘स्पेशल फोर्सेस’वर एखादा तरी लेख असतोच, आणि तो बहुधा २०१६च्या सर्जिकल स्ट्राइकपासून सुरू होतो. काही विद्वान मागे जायला निघतात खरे, पण थेट लाल महालात पोहोचल्याशिवाय थांबत नाहीत. मधे १९६५ पासूनची जी धडधडीत हकिकत पडली आहे, ती या दोन्ही पंथांना अडचणीची वाटते. प्रस्तुत लेखकाचे त्यांच्याशी भांडण जुने आहे आणि ते मिटण्याची चिन्हे नाहीत.

मेजर मेघसिंग आणि त्यांचा ‘मेघदूत फोर्स’ वाचकांना ठाऊक असतो. पश्चिम विभागाचे सेनापती हरबक्षसिंग यांच्या पाठबळावर, स्वखुशीने आलेल्या जवानांना घेऊन हा गडी १९६५ मध्ये शत्रूच्या पिछाडीला धुमाकूळ घालून आला. त्यातूनच १९६६ मध्ये ९ पॅरा कमांडो आणि वर्षभराने १० पॅरा कमांडो उभी राहिली. पहिली डोंगरासाठी, दुसरी वाळवंटासाठी. १९७१ मध्ये जयपूरच्या सवाई भवानीसिंगांच्या दहाव्या पलटणीने सिंधमध्ये घुसून छाछरो गाठले, नवव्या पलटणीने पूंछसमोर मंढोलच्या तोफा उडवल्या. भवानीसिंगांना महावीरचक्र मिळाले. राजेसाहेबांवर भरपूर लिहून झाले आहे.

लिहिले गेले नाही ते पलाशीबद्दल.

क्लाइव्हच्या लढाईमुळे शाळेत पाठ झालेल्या त्याच पलाशीजवळ, भागीरथीच्या काठी, १९७१च्या उन्हाळ्यात भारतीय नौदलाने एक गुप्त छावणी उघडली. तिथे येणारी पोरे पूर्व बंगालमधली, बरीचशी विद्यार्थी. गणवेश नाही, पलटण नाही, सैन्याच्या कोणत्याही यादीत नाव नाही. ही मोहीम चालवणाऱ्यांत होते कमांडर मोहन नारायण राव सामंत, ‘करंज’ या पाणबुडीचे पहिले कप्तान. त्यांच्या हाताशी आणखी आठ जण आले, तेही पाणबुडीवाले. फ्रान्समधल्या तूलाँ बंदरात पाकिस्तानची ‘मँग्रो’ पाणबुडी उभी असताना हे बंगाली नौसैनिक तिच्यावरून निसटले आणि स्पेनमार्गे भारतात पोहोचले.

पोरांना शिकवायचे काय, तर रात्री, प्रवाहात, आवाज न करता तासन्‌तास पोहणे. पायांत फिन्स, कमरेला सुरी आणि अंगाशी गमछ्याने बांधलेला, जहाजाच्या बुडाला चिकटवायचा लिंपेट माइन. या माइनमधली स्फोट लांबवणारी गुडदी पाण्यात फार लवकर विरघळे. जहाजाच्या बुडाशी पोहोचेपर्यंत ती कोरडी ठेवायची म्हणून तिच्यावर कंडोम चढवले जात. युद्धशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा हा उपाय प्रस्तुत लेखकाला अधिक मोलाचा वाटतो. हल्ल्याचा इशारा देण्याची युक्तीही तशीच साधी. आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून ठरलेली गाणी वाजली की समजायचे.

ऑगस्टच्या मध्यावर ती वाजली. चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज अशा चारही बंदरांत एकदम स्फोट झाले. चितगावात ‘अल अब्बास’ आणि ‘होर्मुझ’ ही जहाजे बसली. पूर्व पाकिस्तानात सारे सुरळीत आहे, असे जगाला सांगणाऱ्यांची त्या रात्री पुरती पंचाईत झाली.

डिसेंबरात सामंत स्वतः ‘पनवेल’, ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या नौका घेऊन मोंगला-खुलनाच्या खाडीत शिरले. १० डिसेंबरला आपल्याच विमानांनी ओळख चुकून हल्ला केला आणि ‘पद्मा’, ‘पलाश’ गमावल्या. ‘पलाश’वरचे रुहुल अमीन पुढे ‘बीरश्रेष्ठ’ या बांगलादेशाच्या सर्वोच्च शौर्यसन्मानाचे मानकरी ठरले. सामंतांना महावीरचक्र मिळाले. २०१९च्या मार्चमध्ये ते गेले. संदीप उन्नीथन यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेले ‘ऑपरेशन एक्स’ त्याच वर्षी आले. अठ्ठेचाळीस वर्षे उशिरा, तेही इंग्रजीत.

पुढचे भराभर सांगता येईल. १९८७ मध्ये नौदलाचे मार्कोस उभे राहिले. त्याच वर्षी श्रीलंकेत पॅरा कमांडोंचा जाफना विद्यापीठावर हेलिकॉप्टरने उतरण्याचा बेत महागात पडला. २६/११ला ‘ताज’मध्ये मेजर संदीप उन्नीकृष्णन पडले, ते सगळ्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिलेच.

मराठी माणसाने लक्षात ठेवावी अशी पलटण मात्र २१ पॅरा. मुळात ही २१ मराठा लाइट इन्फंट्री. १९९६ मध्ये तिचे स्पेशल फोर्सेसमध्ये रूपांतर झाले आणि ती ‘वाघनख’ म्हणून ओळखली जाऊ लागली. आज स्पेशल फोर्सेसच्या ‘बलिदान’ बिल्ल्याचे टी-शर्ट घालून रील्स काढणाऱ्यांना हे विचारून पाहावे. उत्तराऐवजी एखाद्या सिनेमाचा संवाद ऐकायला मिळेल. सिनेमावर राग नाही. संपादकांवर आहे. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक याच पलटणीचे. नोव्हेंबर २०१५ मध्ये ४१ राष्ट्रीय रायफल्सचे नेतृत्व करताना कुपवाड्यात ते शहीद झाले, तेव्हा सगळ्यांनी रकानेच्या रकाने भरले. ईशान्येत ‘ऑपरेशन ऱ्हायनो’मधल्या कामगिरीसाठी त्यांना २००३ मध्ये सेना पदक मिळाले होते, ती हकिकत तेव्हा मागवून घ्यावी, असे कोणत्याही दिवाळी अंकाला सुचले नव्हते.