सावळी, पण सुस्वरूप

‘वधू सावळी, पण सुस्वरूप.’ विवाहविषयक जाहिरातींत असले वर्णन आपण सहज वाचून जातो. त्यातील ‘पण’ कोणाला खटकत नाही. पंढरीच्या विठ्ठलाला ‘सावळा’ म्हणताना आपला कंठ दाटून येतो. तोच शब्द मुलीविषयी आला की मात्र त्याला पुस्ती जोडावी लागते! १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमने तर गोरेपण आणि लावण्य एकाच नावात गुंफले. २०२० मध्ये वर्णद्वेषाविरुद्ध जगभर आवाज उठला, तेव्हा ते नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. वेष्टनावरील शब्द कंपनीने बदलला. घरातील शब्द कोणी बदलावयाचा? ती जाहिरात आपली कन्याही वाचत असते. निदान तेवढा ‘पण’ तरी आपण गाळू या.