जुन्या मालमोटारीतील इंधनदर्शकाचा दोष व त्याची चिकित्सा

नागपूर हे सातव्या व सहाव्या राष्ट्रीय महामार्गांचे (नव्या गणनेनुसार ४४ व ५३) संगमस्थान असल्यामुळे जुन्या मालमोटारींच्या दुरुस्तीची विद्या येथे चांगलीच रुजली आहे. १९५४ साली टाटांनी डाइम्लर-बेंझ यांच्या सहकार्याने जमशेदपूर येथे ज्या मालमोटारी बांधण्यास आरंभ केला, त्यांच्या परंपरेतील जुन्या गाड्यांत इंधनदर्शकाचा दोष वारंवार आढळतो. काट्यावरील विश्वास उडालेला चालक टाकीत काठी बुडवून डिझेल मोजतो, आणि ही पद्धत दिसते तितकी अडाणीपणाची नाही. डिझेल संपून नळ्यांत हवा शिरली, मिस्त्रींच्या भाषेत गाडीने 'एअर पकडली', म्हणजे हातपंपाने ती हवा बाहेर काढल्यावाचून यंत्र सुरू होत नाही. शिवाय काटा व हिशेब यांचा मेळ बसला नाही की डिझेलचोरीचा संशय प्रथम चालकावरच येतो. यास्तव हा दोष क्षुल्लक समजणे युक्त नव्हे.

या योजनेची रचना साधी आहे. टाकीतील फ्लोट एका दांड्याच्या टोकाशी तरंगतो. दांड्याचे दुसरे टोक रोध-तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. इंधनाच्या पातळीनुसार मंडलातील रोध बदलतो व त्याप्रमाणे काटा हलतो. मंडल पूर्ण होते ते मात्र टाकीच्या धातूतून, तिच्या पट्ट्यांतून व सांगाड्यातून, म्हणजे 'अर्थ'च्या वाटेने. आणि बहुतेक घोटाळा याच वाटेवर होतो. पावसाळ्यातील चिखल, गंज व वरून चढविलेला रंग यांमुळे तेथे अनाहूत रोध निर्माण होतो.

या रोधाचा परिणाम सर्व गाड्यांत सारखा नसतो, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. युरोपीय धर्तीच्या व्हीडीओ योजनेत रिकाम्या टाकीस १० ओहम व भरलेल्या टाकीस १८० ओहम रोध असतो. एका प्रचलित अमेरिकी योजनेत रिकाम्या टाकीस २४० व भरलेल्या टाकीस ३३. समजा, गंजामुळे २० ओहमची भर पडली. काट्याची चाल रोधाच्या प्रमाणात आहे असे मानल्यास पहिल्या योजनेत रिकामी टाकी सुमारे एक-अष्टमांश भरलेली दिसेल. १६० लिटरच्या टाकीत ही चूक सुमारे १९ लिटरांची होते. दुसऱ्या योजनेत उलट, असलेले इंधन सुमारे एक-दशांशाने कमी दिसेल. दुसरी चूक केवळ त्रासदायक. पहिली चालकाला रस्त्यात उभे करते.

निदानाचा आरंभ टाकीपासून न करता काट्यापासून करावा. तपमानदर्शकही त्याच वेळी भलतेच दाखवू लागला असेल, तर दोष टाकीत नसून दोघांच्या सामाईक पुरवठ्यात असण्याचा संभव अधिक. द्विधातु पट्टीच्या दर्शकांना स्थिर दाब पुरविणारा नियामक असतो (स्मिथ्स धर्तीच्या गाड्यांत त्याचा सरासरी दाब १० व्होल्ट असतो). तो बिघडल्यास दोन्ही काटे एकदम चुकतात. दोन वेटोळ्यांच्या दर्शकात काट्याची दिशा प्रवाहांच्या गुणोत्तरावर ठरत असल्याने त्यास अशा नियामकाची गरज पडत नाही.

यानंतर चावी चालू ठेवून टाकीवरील तार सोडवावी आणि ती क्षणभर सांगाड्याच्या स्वच्छ धातूस टेकवावी. व्हीडीओ योजनेत काटा 'रिकामी'कडे व अमेरिकी योजनेत 'भरलेली'कडे गेला, तर दर्शक व तार निर्दोष होत. काटा जागचा हलला नाही, तर दोष त्यांच्यातच शोधावा. द्विधातु दर्शकाची तार फार वेळ टेकवून ठेवू नये. आतील तापक जळतो. ठिणगीविषयी एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. भारतीय मानकानुसार डिझेलची वाफ पेट घेऊ शकणाऱ्या तपमानाची किमान मर्यादा ३५ अंश आहे, तर मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांपुढे जातो. म्हणून तार टाकीच्या तोंडापासून दूरच टेकवावी.

तार निर्दोष ठरल्यावर टाकीची बैठकपट्टी व सांगाडा यांमध्ये एक स्वतंत्र तार तात्पुरती जोडून पाहावी. काटा ताळ्यावर आला, तर गंज खरवडून ती तार कायमची जोडणे एवढीच दुरुस्ती पुरते. अन्यथा फ्लोट बाहेर काढावा. पितळी फ्लोट हलवून आत डिझेल खळखळते का ते ऐकावे. कोमट पाण्यात बुडविल्यास छिद्रातून बुडबुडे येतात. आतील डिझेल व वाफ पूर्णपणे काढल्याखेरीज डाग देऊ नये. रोधाची तार बहुधा नेहमीच्या पातळीच्या पट्ट्यातच झिजते व काटा तेथेच थरथरतो. अशा वेळी भाग बदलणेच इष्ट.

भाग बदलल्यानंतरही अंशांकन करावे लागते. आडव्या दंडगोल टाकीत चौथाई उंचीपर्यंत डिझेल असता ते सामाईच्या सुमारे १९.६ टक्केच असते, २५ नव्हे. रिकाम्या टाकीत मापाने वीस-वीस लिटर ओतून प्रत्येक वेळी काट्याची जागा टिपावी आणि तो तक्ता चालकाच्या आसनाजवळ चिकटवावा.