साती आसरा व विहिरीचें पाणी

जुन्नर प्रांतीं विहिरीच्या थारोळ्यापाशीं किंवा नदीच्या डोहाकाठीं शेंदूर लावलेले सात तांदळे पुष्कळ ठिकाणीं आढळतात. ह्याच साती आसरा. कुकडीकाठचें बोरी बुद्रुक हें गांव ज्वालामुखीच्या राखेचा थर व अश्मयुगीन हत्यारें यांमुळें विद्वानांस ठाऊक आहे. त्या मुलखांतील पाण्याच्या दैवतांकडे मात्र संशोधकांचें लक्ष क्वचितच गेलें. मूल अकारण किरकिरूं लागलें किंवा अंगावर फोड उठले, कीं ‘आसरांचें लागलें’ असें म्हणून हळदकुंकू, हिरव्या बांगड्या व दहीभात पाण्याकाठीं ठेवण्याची रीत आहे.

‘आसरा’ हा संस्कृत ‘अप्सरस्’ शब्दाचाच अपभ्रंश होय. आश्रयवाचक ‘आसरा’शीं त्याचा संबंध जोडणें आम्हांस मान्य नाहीं. सातींचीं नांवें मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा व मकरी अशीं सांगतात. त्यांतील बहुतेक जलचरांवरून पडलेलीं. इंद्रसभेंतील नर्तकींशीं यांचें साम्य थोडें. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडांतील ३७ वें सूक्त पाहावें. तेथें अप्सरा पीडा देणाऱ्या असून, अजशृंगी वनस्पतीच्या वासानें त्यांस हांकून नदीकडे जावयास सांगितलें आहे. तेव्हां पाण्याचें पाण्याकडे लावून देणें हा उपचार खेड्यांतील बायकांनीं नव्यानें काढलेला नव्हे. आयर्लंडांतही पवित्र झऱ्यांस रोगी प्रदक्षिणा घालीत व चिंधी जवळच्या झाडास बांधीत. चिंधी कुजली कीं व्याधि सरली, असा समज.

परंतु या पाण्यानें माणसें अपंगही केलीं, हें लपवून चालणार नाहीं. नारू पायऱ्यांच्या विहिरींतून पसरे. जंतु कातडीबाहेर येतांना आग होई. ती शमविण्याकरितां रोगी पायऱ्या उतरून पाय पाण्यांत सोडी, आणि तेव्हांच जंतूचीं पिल्लें पाण्यांत सुटत. पाण्यांतील सूक्ष्म कीटक तीं गिळी व त्या कीटकासह पाणी दुसऱ्याच्या पोटांत जाई. बाहेर आलेला जंतु काडीस रोज थोडथोडा गुंडाळण्याचा गांवठी उपाय योग्यच होता. ओढतांना तो तुटला तर अवयव सुजे. इतरांचा बचाव मात्र पाणी फडक्यानें गाळण्यांत होता. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत तशी आज्ञा आहे, पण संन्याशास. आणि तीही जीवहिंसा टाळण्याकरितां. आम्हीं तो श्लोक वर्षानुवर्षें मुलांस शिकविला, पण नारूशीं त्याची सांगड घालावी हें आम्हांस सुचलें नाहीं. देशांतील शेवटचा रोगी १९९६ सालीं राजस्थानांत आढळला व २००० सालीं भारत नारूमुक्त ठरला.

आतां विहिरींवर विजेचे पंप आले, आणि पंपघर बांधतांना तांदळे हलतात. ज्यांच्या गांवीं ते अद्याप जागेवर असतील त्यांनीं त्यांची संख्या, तोंडाची दिशा व पूजेचा वार टिपून मंडळाकडे धाडावा.